गोल करणारा माणूस बचाव शिकवतो तेव्हा

प्रश्न असा आला आहे: मोठा फॉरवर्ड पुढे चांगला प्रशिक्षक होऊ शकतो का? विचारणाऱ्याचं म्हणणं असं, की फॉरवर्डला फक्त समोरचा गोल दिसतो, मागचे दहाजण दिसत नाहीत. त्यामुळे कोच व्हावं ते मिडफिल्डरनं, नाहीतर डिफेंडरनं. आणि आफ्रिकेतलं एखादं उदाहरण असेल तर तेही सविस्तर सांगा.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतो आणि हे म्हणणं मैदानाच्या कडेला नेहमी कानावर येतं. मला ते पटत नाही. का पटत नाही, हे एकाच माणसाच्या कारकिर्दीवरून सांगतो: इजिप्तचे महमूद अल गोहरी. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, कारण आपलं आफ्रिकन फुटबॉलचं वाचन युरोपातल्या क्लबांत गेलेल्या खेळाडूंपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. गोहरींची जवळपास सगळी हयात कैरो, आखाती देश आणि जॉर्डनची राजधानी अम्मान इथं गेली.

जन्म कैरोचा, १९३८चा. क्लब अल अहली. १९५९ साली आफ्रिकन राष्ट्रांच्या चषकाची दुसरी स्पर्धा कैरोतच झाली तेव्हा ते २१ वर्षांचे होते. स्पर्धा इवलीशी, संघ तीनच: यजमान इजिप्त (तेव्हा सीरियासोबतचं संयुक्त अरब प्रजासत्ताक), सुदान आणि इथिओपिया. इथिओपियाला ४-० हरवलं त्यात गोहरींची हॅटट्रिक. सुदानविरुद्ध २-१ असा विजय मिळाला आणि चषक इजिप्तकडेच राहिला. ३ गोल करून गोहरी स्पर्धेतले सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

मग गुडघा गेला. फॉरवर्डचं आयुष्य गुडघ्यावर असतं. वळणं, अचानक थांबणं, पुन्हा सुटणं, सगळा भार तिथं. त्या काळी गुडघ्याच्या दुखापतीवर आजच्यासारखे उपाय नव्हते, आणि ऐन उमेदीत त्यांचं खेळणं थांबलं. ते सैन्यात अधिकारी होते, म्हणून लोक त्यांना पुढे ‘जनरल’ म्हणायला लागले. माझ्या मते त्यांच्यातला प्रशिक्षक या तुटलेल्या कारकिर्दीत घडला. पस्तिशीपर्यंत गोल करत राहणाऱ्या फॉरवर्डला आपण गोल कसा करतो याचा विचार करायची गरजच पडत नाही. ज्याचं खेळणं लवकर सुटतं त्याला बाहेर बसून तोच खेळ पाहावा लागतो, आणि अंगात जे आपोआप होत होतं त्याचे तुकडे करून समजून घ्यावे लागतात. शिकवणं म्हणजे तेच. चांगल्या फॉरवर्डला कोच म्हणून जड जातं ते इथं: तो पोराला सांगतो, “अरे, तू तिथं असायलाच पाहिजे होतास,” पण ‘तिथं’ म्हणजे कुठं आणि ते कळायचं कसं, हे त्याला सांगता येत नाही.

गोहरींना सांगता येत होतं. १९८२ साली त्यांच्या हाताखाली अल अहलीनं आफ्रिकेतला चॅम्पियन क्लबांचा चषक पहिल्यांदा जिंकला. अंतिम फेरीत घानाचा अशांती कोटोको. कैरोत ३-०, कुमासीत १-१.

आता १९८९-९०कडे येतो, कारण त्यांचं खरं काम इथं दिसतं. इजिप्त त्याआधी फक्त १९३४ साली विश्वचषकात खेळला होता. एक सामना, हंगेरीकडून ४-२ हार, परत घरी. त्यानंतर पाच दशकांहून जास्त काळ काहीच नाही. १९९०च्या विश्वचषकासाठी इटलीला जायचं तर शेवटचा अडसर अल्जीरियाचा होता, आणि १९८२च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीला हरवणारा अल्जीरिया म्हणजे सोपं काम नव्हे. गोहरींनी तिकडे कॉन्स्टंटाइनला ०-० सोडवलं. मग १७ नोव्हेंबर १९८९ला खच्चून भरलेल्या कैरो स्टेडियममध्ये होसाम हसननं सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला सगळा वेळ इजिप्तनं तो एक गोल जपला. १-०.

परगावी शून्यावर थांबवायचं, घरी एक मारायचा आणि दार लावून घ्यायचं, हे गोहरींचं गणित. ऐकायला सोपं वाटतं. दार लावणं किती अवघड आहे ते ज्यानं शिकवलंय त्यालाच कळतं. डिफेंडरच्या अंगात चेंडूवर झेपावायची खोड असते. फॉरवर्डला तेच हवं असतं. तू झेप घेतलीस की मी सुटलो. त्याला खरा राग येतो तो न झेपावणाऱ्याचा. असा डिफेंडर दोन पावलं अंतर ठेवून मागं मागं सरकतो, तुम्हाला कडेच्या रेषेकडे ढकलतो, आणि तोवर त्याचा जोडीदार आतली जागा भरतो. फॉरवर्ड राहिलेल्या माणसानं हा छळ स्वतः सोसलेला असतो. आपल्याला काय नको होतं हे त्याला नेमकं माहीत असतं, आणि तेच तो आपल्या डिफेंडरांकडून करून घेऊ शकतो. मी पोरांना मार्किंग शिकवताना नेहमी एखाद्या फॉरवर्डलाच मध्ये उभा करून विचारतो, “आता तुला कशाचा त्रास होतोय?” डिफेंडरला विचारून हे उत्तर मिळत नाही.

विश्वचषकाच्या तयारीसाठी इजिप्तमधला १९८९-९०चा लीग हंगामच रद्द करण्यात आला. क्लबांचा महसूल बुडाला, पण राष्ट्रीय संघ महिनोन् महिने एकत्र राहिला. आजच्या काळात असं मागणाऱ्या प्रशिक्षकाला कुणी दारात उभं करणार नाही. पण संघ जवळजवळ पूर्ण देशातल्या क्लबांचा, बाहेरच्या मोठ्या लीगचा अनुभव नसलेला, आणि गटात हॉलंड, इंग्लंड, आयर्लंड. असा बचाव उभारायला वेळ लागतोच, कारण त्यात खेळाडूपेक्षा दोन खेळाडूंमधलं अंतर महत्त्वाचं असतं, आणि ते अंतर पायात भिनायला रोजचा सराव हवा. मे १९९०मध्ये अ‍ॅबरडीनला जाऊन इजिप्तनं स्कॉटलंडला ३-१ हरवलं, तेव्हा युरोपातल्या पत्रकारांचं लक्ष गेलं.

१२ जून, पालेर्मो. समोर युरोपचा विजेता हॉलंड; गुलिट, व्हॅन बास्टेन, रायकार्ड, कूमन. इजिप्त एका गोलनं मागे पडला, पण फुटला नाही. कूमननं होसाम हसनला पाडलं, पेनल्टी मिळाली, मगदी अब्देलघनीनं ती मारली. १-१. विश्वचषकातला इजिप्तचा हा पहिला गुण. त्या स्पर्धेत आफ्रिकेचे दोनच संघ होते, आणि इजिप्तच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून आफ्रिकेचाच माणूस होता. कॅमेरूनकडे सोव्हिएत प्रशिक्षक होता. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या काळी आणि नंतरही आफ्रिकन देश मोठ्या स्पर्धेआधी परदेशी माणूस बोलावत आले आहेत.

१७ जूनला आयर्लंडशी ०-०. हा सामना बदनाम झाला. चेंडू गोलकीपर शोबैरकडे मागे जायचा, तो हातात घ्यायचा, पुन्हा फेकायचा, पुन्हा मागे. तेव्हाच्या नियमात बसत होतं. आयर्लंडचे प्रशिक्षक जॅक चार्लटन खवळले. १९९२ला नियम बदलला, सहकाऱ्यानं पायानं दिलेला बॅकपास कीपरला हातात घेता येईनासा झाला, आणि त्या बदलामागचं उदाहरण म्हणून आजही जे सामने सांगतात त्यांत हा एक असतो.

इथं माझं स्पष्ट मत देतो. पाहायला तो सामना वाईट होता, आणि एका माजी फॉरवर्डनं असा खेळ करवून घ्यावा याचं मला आजही वाईट वाटतं. पण हिशेब बघा. दोन-दोन सामन्यांनंतर त्या गटातल्या चारही संघांचे गुण सारखे, केलेले गोल सारखे, खाल्लेले सारखे. ५६ वर्षांनी विश्वचषकात आलेला संघ शेवटच्या सामन्याआधी इंग्लंडच्या बरोबरीनं उभा होता. २१ जूनला काल्यारीत गॅस्कॉइनच्या फ्री किकवर मार्क राइटनं हेडर मारला आणि १-० नं सगळं संपलं. तेच इंग्लंड पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेलं. गोहरींचं चुकलं असेल तर ते आयर्लंडच्या दिवशी चुकलं. जिंकण्यासारखा सामना तोच होता.

पण त्या संघानं खेळाडूंसाठी दारं उघडली. होसाम आणि त्याचा जुळा भाऊ इब्राहिम ग्रीसच्या पाओकला गेले, हानी रामझी स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल झामॅक्सला. होसामही पुढे तिथंच गेला आणि १९९१ला यूएफा कपमध्ये सेल्टिकविरुद्ध एका सामन्यात ४ गोल मारून आला.

गोहरींना मात्र बक्षीस म्हणून काय मिळालं? ऑक्टोबर १९९०मध्ये अथेन्सला ग्रीसकडून मैत्रीपूर्ण सामन्यात ६-१ मार खाल्ला आणि नोकरी गेली. परत बोलावलं गेलं. १९९२ला अरब चषक जिंकून दिला. १९९४च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत झिम्बाब्वेला कैरोत २-१ हरवलं, पण प्रेक्षकांतून भिरकावलेल्या वस्तू झिम्बाब्वेच्या माणसांना लागल्या, फिफानं तटस्थ ठिकाणी सामना पुन्हा घ्यायला लावला, आणि ल्याँला ०-० होऊन इजिप्त बाहेर. प्रशिक्षकाच्या हातात नसलेल्या गोष्टीनं त्याचं वर्षभराचं काम जातं, त्याचं याहून कडू उदाहरण मला माहीत नाही.

हे झालं १९९३ साली. त्याच साली त्यांनी आणखी जे केलं ते कैरोत राहणाऱ्यालाच पुरतं समजेल. अल अहलीचा हा माणूस कैरोतल्याच कट्टर प्रतिस्पर्धी झमालेकचा प्रशिक्षक झाला. आमच्या कोल्हापुरात पाटाकडीलमध्ये वाढलेला गडी समोरच्या शिवाजी तरुण मंडळाच्या बाकावर बसला तर गल्लीत काय होईल, तसं. झमालेकला त्यांनी आफ्रिकेचा चॅम्पियन क्लब केलं. अंतिम फेरीत पुन्हा अशांती कोटोको, दोन्ही सामने ०-०, पेनल्टींच्या टायब्रेकरवर विजय. आणि जानेवारी १९९४ला जोहान्सबर्गमध्ये सुपर कपसाठी, म्हणजे आफ्रिकेतल्या दोन विजेत्या क्लबांच्या लढतीत, समोर आला तो अल अहली. अयमान मन्सूरच्या एका गोलवर झमालेक जिंकला.

१९९८चा आफ्रिकन चषक बुर्किना फासोत होता. जाण्याआधी गोहरींना संधी विचारली तेव्हा आपण तेराव्या क्रमांकावर राहू, असं ते म्हणाल्याचं इजिप्तमध्ये आजही सांगतात. वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. मला हे आवडतं. खेळाडूंच्या डोक्यावरचं ओझं स्वतःकडे ओढून घ्यायची ती रीत आहे. शिव्या कोचला पडतात, पोरं मोकळी खेळतात.

मोझांबिकला २-०, झांबियाला ४-०. मोरोक्कोकडून मुस्तफा हाजीच्या उलट्या लाथेच्या अप्रतिम गोलवर ०-१. उपांत्यपूर्व फेरीत आयव्हरी कोस्टशी ०-०, टायब्रेकरवर सुटका. उपांत्य फेरीत यजमान बुर्किना फासोला २-०. २८ फेब्रुवारीला वागाडुगूत अंतिम सामना, समोर गतविजेता दक्षिण आफ्रिका. अहमद हसननं पाचव्या मिनिटाला लांबून मारला, तारेक मुस्तफानं तेराव्या मिनिटाला दुसरा केला, आणि मग पाऊण तासाहून कितीतरी जास्त वेळ दार बंद. खेळाडू म्हणून आणि प्रशिक्षक म्हणून हा चषक जिंकणारे गोहरी पहिले. दुसरा यायला २०१३ उजाडलं, नायजेरियाचा स्टीफन केशी.

आता आकडे पुन्हा वाचा. ६ सामन्यांत इजिप्तनं खाल्लेला गोल फक्त १, केलेले १०. आणि त्या दहांपैकी ७ एकट्या होसाम हसनचे, वय ३१. फॉरवर्ड राहिलेल्या प्रशिक्षकाची सगळी समज मला या आकड्यांत दिसते. त्याला माहीत असतं की सामन्यात खऱ्या संधी दोन-तीनच येतात. म्हणून मागे एवढं घट्ट ठेवायचं की त्या दोन-तीन पुरतील, आणि पुढे असा एक माणूस ठेवायचा जो त्या वाया घालवणार नाही. होसामकडून मागे धावून बचाव करण्याची अपेक्षा त्यांनी ठेवली असती, तर ३१व्या वर्षी पायात गोलसाठी जोर उरला नसता. आपले कितीतरी कोच उत्तम स्ट्रायकरला स्वतःच्या हाफपर्यंत धाववतात आणि मग संधी हुकली म्हणून त्याच्यावरच ओरडतात.

त्या स्पर्धेत आणखी एकाचे ७ गोल होते, दक्षिण आफ्रिकेचा बेनी मॅकार्थी, वय २०. नामिबियाविरुद्ध एकाच सामन्यात त्यानं ४ मारले होते. तोही आज प्रशिक्षक आहे. मँचेस्टर युनायटेडमध्ये फॉरवर्डांना शिकवून २०२५ साली त्यानं केनियाचा संघ हाती घेतला.

विजयानंतरही गोहरींची गत तीच. १९९९च्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये सौदी अरेबियाकडून १-५, नोकरी गेली. परत बोलावलं, २००२चा विश्वचषक हुकला, पुन्हा बाहेर. या सगळ्या बोलावण्या-काढण्यात त्यांनी आपली पद्धत बदलली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

मग जॉर्डन. २००२ साली, चौसष्टीत, ते अम्मानला गेले. जॉर्डन तोवर आशियाई चषकाला एकदाही पात्र ठरला नव्हता. २००४ला चीनमध्ये पहिल्यांदाच खेळला आणि गटात दक्षिण कोरियाशी ०-०, कुवेतवर २-०, अमिरातीशी ०-०. एकही गोल खाल्ला नाही! उपांत्यपूर्व फेरीत चोंगछिंगला गतविजेत्या जपानशी १-१, तेही जॉर्डन आधी पुढे गेलेला. टायब्रेकरमध्ये जपानच्या नाकामुरा आणि अलेक्स सांतोस या दोघांचे पाय पेनल्टीच्या जागेवरच्या उखडलेल्या हिरवळीत घसरले, दोन्ही किक वाया. तेव्हा जपानचा कर्णधार मियामोतो रेफरीशी बोलला आणि रेफरीनं मध्येच गोल बदलून किक दुसऱ्या टोकाला घ्यायला लावल्या. त्यानंतरही जॉर्डन पुढे होता. पण कीपर कावागुचीनं अडवल्या आणि जपान ४-३ नं सुटला. ती अदलाबदल जॉर्डनवर अन्यायच होती, असं मी आजही म्हणतो. त्याच ऑगस्टमध्ये जॉर्डन फिफा क्रमवारीत ३७वा होता, त्यांचा आजवरचा सर्वोत्तम क्रमांक. गोहरी पुढे सल्लागार म्हणून पुन्हा अम्मानला गेले आणि सप्टेंबर २०१२मध्ये तिथंच वारले.

‘एक अपवाद झाला, म्हणून काय?’ असं कुणी म्हणेल. अपवाद नाही. इजिप्तनं आफ्रिकन चषक ७ वेळा जिंकलाय, आणि त्यातले शेवटचे ४ माजी फॉरवर्डच्या हाताखाली: १९९८ गोहरी, आणि २००६, २००८, २०१० हसन शेहाता, झमालेकचा जुना फॉरवर्ड. २००६च्या उपांत्य सामन्यात सेनेगलविरुद्ध शेहातानं स्ट्रायकर मिदोला बाहेर काढलं. मिदो भर मैदानात, सगळ्या देशासमोर त्याच्याशी भांडला. शेहाता ढळला नाही. बदली आलेल्या अम्र झाकीनं आल्या आल्या हेडरनं गोल केला, इजिप्त २-१ जिंकला. स्ट्रायकरला कधी बाहेर काढायचं हे ठरवणं सगळ्यांत अवघड, कारण त्याचा एक क्षण कधीही येऊ शकतो. तो क्षण आज येणार नाही, हे अंगावरून ओळखायला स्वतः तसे कोरडे दिवस काढलेले असावे लागतात. त्या संघात ३९ वर्षांचा होसाम हसनही होता, आणि डीआर काँगोविरुद्ध त्यानंही गोल केला.

होसाम प्रशिक्षक झाला तेव्हा तोही गोहरींच्या वाटेनं अम्मानला गेला. २०१३ला त्याच्या जॉर्डननं उझबेकिस्तानला लांबलेल्या टायब्रेकरवर हरवलं आणि विश्वचषकाच्या शेवटच्या प्ले-ऑफला धडक मारली. तिथं उरुग्वेकडून घरी ०-५. परतीच्या सामन्यात मॉन्टेव्हिडिओला ०-०. फेब्रुवारी २०२४ला तो इजिप्तचा प्रशिक्षक झाला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये जिबूतीला ३-० हरवून इजिप्त २०२६च्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. जॉर्डनही त्याच विश्वचषकासाठी पात्र ठरला, पहिल्यांदाच, जमाल सेलामी या मोरोक्कन प्रशिक्षकाच्या हाताखाली.

तुमच्या तालमीत किंवा अकादमीत एखादा जुना फॉरवर्ड कोच म्हणून येत असेल, तर तो किती गोल मारायचा हे विचारू नका. सरावाला जाऊन बसा आणि तो डिफेंडरांशी काय बोलतो ते ऐका. तो त्यांना अंतर, अंगाची दिशा आणि समोरच्याला कुठल्या पायावर खेळवायचं हे सांगत असेल, तर पोरं निर्धास्त त्याच्याकडे द्या. तो फक्त शूटिंगच्या रांगा लावत असेल, तर सोबत बचाव जाणणारा एक मदतनीस द्या.

आणि जमलं तर १९९०चा हॉलंडविरुद्धचा सामना शोधून पाहा. चेंडूकडे बघू नका. व्हॅन बास्टेनकडे बघा, आणि त्याच्या पाठीशी असलेले इजिप्तचे डिफेंडर त्याला चेंडू घेऊन गोलकडे वळू देतात का, ते बघा.